तुफान उडेना

सोनईत कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती माझ्याकडे आणतात, आणि पोरांचं खेळणं बिघडलं की ते माझ्यापासून लपवून ठेवतात. पहिली गोष्ट माझ्या अनेक वर्षांच्या मेहनतीमुळे झाली. दुसरी एका दिवाळीत, अवघ्या तीन दिवसांत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा टीव्हीवर दर रविवारी सकाळी दोन जुळ्या यंत्रमानवांचं कार्टून लागायचं. एक तुफान आणि दुसरा चट्टान. तुफान उडायचा, आकाशात शत्रूला लोळवायचा आणि सगळी वाहवा घेऊन जायचा. चट्टान बिचारा खाली उभा राहून भावाची वाट बघायचा. आमच्याही घरात जुळ्या मुली, रूपाली आणि दीपाली, वय वर्षं आठ. हे कार्टून आपल्याच घरावरून काढलंय, असं दोघींचं ठाम मत होतं. अडचण एवढीच की चट्टान व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ते पद माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी मी दुकान बंद करून घरात आलो की मला ओणवं व्हायला लागायचं. मग एक मुलगी माझ्या पाठीवर उभी राहायची, थोडा वेळ तशीच थांबायची आणि मग हात पसरून 'उडायची'. माझ्या पाठीवर ती थांबते कशाला, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. (मोडलेली कंबर हा त्या वेळी मला जास्त महत्त्वाचा विषय वाटायचा.)

माझी बायको मंगल, तिचा भाऊ संपत पुण्याला कंपनीत होता. दसऱ्याला आला तो या जुळ्यांची जोडीच घेऊन. तुफान रूपालीला, चट्टान दीपालीला. तुफानच्या पाठीत इवलासा पंखा होता. त्याला दोऱ्याने छताच्या कडीला टांगला की तो गरगर घिरट्या घालायचा. चट्टान उडत नव्हता, पण त्याचे डोळे लाल पेटायचे. दोघांना कसं चालवायचं हे संपतने सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. मी तेव्हा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होतो. (गिऱ्हाईक नव्हतं. पण मोटारीतलं मला मेहुण्याने शिकवावं?)

दिवाळीच्या तोंडावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते आज दोघींनाही आठवत नाही. तुफान रूपालीच्या दप्तरात गेला, चट्टान दीपालीच्या उशाखाली. आणि दुसऱ्या दिवशी तुफान उडेना.

रूपाली डोळे पुसत दुकानात आली. भाऊबीजेला मामा येणार, त्याला काय दाखवायचं, हा तिचा प्रश्न होता. दुकानात तुकाराम आबा बसले होते. त्यांची पाच हॉर्सपॉवरची मोटार तीन दिवसांपासून माझ्याकडे होती आणि तिच्याबरोबर तेही. चार माणसांत अब्रूचा प्रश्न आला की माझी जीभ सैल सुटते. मी वर पाटीकडे बोट दाखवलं. 'सर्व प्रकारच्या मोटारी खात्रीने दुरुस्त होतील.'

"भाऊबीजेला हा उडाला नाही, तर ती पाटी उतरवीन," मी म्हणालो.

दारामागून दीपालीचा आवाज आला. "पप्पा, त्याला चट्टानच्या पाठीवर उभं करायचं असतं. टीव्हीत तसंच करतात."

"मला नको तिचा चट्टान," रूपाली म्हणाली.

मीही दीपालीला समजावलं की टीव्हीतलं टीव्हीत ठेवायचं असतं, इथं मोटारीचं काम चाललंय. एवढं बोलून मी तुफानचे स्क्रू काढले.

आत मोटार होती, दोन वायरी होत्या, एक चिमुकला डबीसारखा भाग होता. सेल मात्र कुठेच नव्हते! आबांनी चष्मा लावून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "गडी पार फाडला तुमी, पर काळीज कुठं दिसंना."

आता आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. बिघडलेल्या मोटारीचं कोडं सुटेना, तर तशीच चालू असलेली मोटार आणून उघडायची, दोन्ही शेजारी मांडायच्या आणि एकीत बघून दुसरी दुरुस्त करायची. जुळी मोटार सहसा मिळत नाही. इथं ती घरातच होती! दीपाली खेळायला गेली तशी मी तिच्या उशाखाली हात घातला. चट्टानच्या पोटात चांगले चार सेल निघाले. माझा निष्कर्ष तयार झाला: कंपनीने दोघा भावांचे सेल चुकून एकाच्याच पोटात कोंबले होते. मी मनातल्या मनात त्या कंपनीची कीव केली.

मग ते चारही सेल मी काळ्या टेपने तुफानच्या पाठीला बांधले. तो दोऱ्याला नुसता लोंबकळत राहिला, साखरेचं पोतं टांगल्यागत. आबांनी मत दिलं की वजन लई झालं. मलाही ते पटलं. वजन न वाढवता ताकद वाढवायची तर वायर लांब आणि बॅटरी बाहेर. दुकानात दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी होतीच.

मुली खेळून आल्या. मी वायर जोडली. पहिली फेरी फार सुंदर झाली. भांडण विसरून दोघींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. तिसरी फेरी कुणाला दिसलीच नाही. चौथ्या फेरीला वायर माझ्या गळ्यात पडली, तुफान मंगलच्या चकल्यांच्या परातीत घुसला, आणि चकल्यांना जळक्या तारेचा वास येऊ लागला. मी बॅटरीची वायर ओढून काढली. आबा म्हणाले, "उडला की."

एका दुपारी माझे तीन गुन्हे उघड झाले. तुफान जळाला होता, चट्टानचं पोट उघडं होतं आणि चकल्या पुन्हा करायच्या होत्या. मंगलने ती परात उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. दीपालीने फाडलेला चट्टान छातीशी धरला आणि रूपाली तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघी आता एक झाल्या होत्या, माझ्याविरुद्ध.

पुढचा सगळा दिवस मी ती बोटाच्या पेराएवढी मोटार पुन्हा भरली. केसासारखी नवी तार, भिंगातून बघून गुंडाळलेला एकेक वेढा. आबांच्या मोटारीचं राहिलेलं कामही मी मध्येमध्ये उरकत होतो. आबा दयाळू माणूस. मला दिसावं म्हणून त्यांनी हातात टॉर्च धरला आणि पाण्यावाचून खोळंबलेल्या स्वतःच्या उसाचं नाव काढलं नाही. चट्टानही मी त्याचे सेल परत घालून होता तसा बंद केला. (एक स्क्रू उरला. तो कुठला, ते अजून कळलेलं नाही.)

भाऊबीजेला संपत आला. ओवाळणं झालं, लाडू झाले आणि त्याने विचारलं, "दाजी, तुफान उडतोय ना?"

मी तुफान कडीला टांगला. तो ढिम्म. मी पाटीचे खिळे कसे काढायचे याचा विचार करू लागलो.

तेवढ्यात दीपाली उठली, आपला चट्टान घेऊन आली आणि रूपालीने तुफानला त्याच्या पाठीवर उभं केलं. टक् असा बारीक आवाज झाला. चट्टानचे डोळे लाल पेटले.

"बरोबर," संपत म्हणाला. "याच्या सेलमधून त्याला ताकद मिळते. भावाच्या पाठीवर थोडा वेळ उभा राहिला की मग उडतो. दसऱ्याला सांगितलं होतं की मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाठ तेवढ्यात आपोआप दुखायला लागली. महिनाभर रोज संध्याकाळी माझ्याच पाठीवर उभं राहून मुली मला हेच शिकवत होत्या!

तुफान उडाला. छताखाली मजेत घिरट्या घालू लागला. पण पाय पुढे आणि डोकं मागे. तारेचे वेढे मी उलटे दिले होते.

"दाजी, हा उलटा का उडतोय?"

मी कडीचा दोरा तपासू लागलो. उत्तर दीपालीने दिलं. "मामा, तो चट्टानकडं बघत बघत चाललाय."

रूपालीने मान हलवून त्याला दुजोरा दिला. मला इतकं बरं वाटलं की मी मेहुण्याला स्वतःच्या हाताने तिसरा लाडू वाढला.

पाटी काही उतरवावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिच्याखाली दोन वेगवेगळ्या अक्षरांत खडूने लिहिलं होतं, '(तुफान सोडून)'. तुकाराम आबा मोटार न्यायला आले, ते पाटीसमोर उभे राहून सावकाश वाचू लागले. मग मला म्हणाले, "आमची मोटार सरळ फिरंल ना?"

मी छाती पुढे काढून हो म्हणालो. आबा चहाला आत गेले, तेव्हा गुपचूप चालू करून बघितली, आणि घाईघाईने दोन वायरींची अदलाबदल केली.