जड दांडा

जुळे सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी इतकी थकले होते की खडू उचलायचाही कंटाळा यायचा. उजवा खांदा आखडलेला, त्यात प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर.

तिथली एकच वस्तू मला जागं ठेवायची: हाताने फिरवायचं जनित्र. दोन चुंबकं, त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याच्या आसाला दांडा. चुंबकाजवळ तार नुसती ठेवली तर काहीच होत नाही, हे मुलींना आधी दाखवायचं. मग दांडा फिरवायचा. वेटोळं फिरतं तसं त्यातून जाणारं चुंबकाचं क्षेत्र बदलतं, आणि ते बदलत राहील तोवरच तारेत वीज तयार होते. आसावरच्या कड्यांना कार्बनचे तुकडे टेकलेले असतात, त्यांतून ती बाहेर येते आणि बल्ब लागतो. उजनी धरणावर पाणी फिरवतं, इथे बाई फिरवतात, असं म्हटलं की मुली हसायच्या.

बल्ब जोडला की दांडा मात्र जड होतो. वीज वाहू लागली की ती तारच चुंबकासारखी वागते आणि फिरण्याला अडवते. फुकट काही मिळत नाही, हे माझ्या खांद्याला पुस्तकाआधी कळलं होतं.

त्या वर्षी प्रयोगशाळा हलवून तिथे मोठ्या पडद्याचा वर्ग करायचं घाटत होतं. पडद्यावर सगळे प्रयोग दिसतात, मग ही अडगळ कशाला, असं मुख्याध्यापिकांचं म्हणणं. एकदा मुलींच्या हातात दांडा देऊन बघा आणि मग ठरवा, अशी गळ मी घातली. दसऱ्यानंतर तास बघायला यायचं त्यांनी कबूल केलं.

त्या आल्या. दांड्याला कुंकू लागलेलं होतं, वेटोळ्यापाशी झेंडूची पाकळी. मी फिरवला, तर तो गरगर फिरला. इतका हलका की बल्बकडे बघायची गरजच उरली नाही. मुलींनी आळीपाळीने फिरवून पाहिलं, बल्ब ढिम्म. मुख्याध्यापिका घड्याळ बघून खाली निघून गेल्या.

प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. आधी त्या टॉवेलच्या कारखान्यात होत्या.

"बाई, दांडा तुमाला जड जातो, बघवत न्हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या कारखान्यात खंडेनवमीला माग पुसून समद्याला तेल देत्यात. म्हणून हितं बी दिलं."

समद्याला म्हणजे कड्यांनासुद्धा. तेलाच्या थरामुळे कार्बन कड्यांना भिडतच नव्हता. मला राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात जोर लागतो. मी स्टुलावर बसून राहिले आणि मावशींनी पॉलिश पेपरने कडी घासली. मग मी दांडा फिरवला. तो जड लागला आणि बल्ब पेटला. जिना उतरून मुख्याध्यापिकांना बोलवायला गेले, तर पडदा मागवल्याचं त्यांनी सांगितलं.

जनित्र व्हरांड्यातल्या कपाटात गेलं, मी घरी बसले. खांदा आता दुखत नाही. त्याचं फारसं सुखही वाटत नाही.

यंदा खंडेनवमीला मावशींचा फोन आला. कपाट उघडून त्यांनी जनित्राची पूजा केली होती, कड्यांना तेल न लावता. वर्षभरात कुणी ते बाहेर काढलं होतं का, असं मी विचारलं. न्हाय, म्हणाल्या.

"बल्ब लागतोय की बाई. पर दांडा लई जड जातोय. थोडं तेल देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "जडच राहू दे."

बरं म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. त्यांना लागलेला दम मला ऐकू येत होता. त्या अजून फिरवत होत्या.