जांभळे खटके

अक्कांशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे, मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. कितीही गोड शब्दांत लिहिलं तरी अर्थ तोच निघतो, म्हणून सरळच लिहिते. बुधवारी संध्याकाळी कोर्टातून सुटल्यावर मी त्यांच्या मंगळवार पेठेतल्या घरी कागद द्यायला गेले होते. अक्का टेबलाशी बसून टाईप करत होत्या, आणि टाईप करता करता प्रत्येक शब्द गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत होत्या. ‘अर्जदार यांचे वडील… हे मयत झाले असून…’ घसा पार बसलेला, आवाज फाटत होता. मी म्हटलं, “अक्का, मनातल्या मनात वाचा की. शाळेतल्या पोरांसारखं काय ते ओरडणं! घशाची वाट लागली बघा.” त्या हसल्या, “व्हय गं शुभे,” म्हणाल्या, आणि मी चपला घालेपर्यंत आत पुन्हा तेच सुरू झालं. शुक्रवारी सकाळी त्यांच्या लेकीचा, सुमाचा, फोन आला. “आई गेली हो…” चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याशीच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं. याला आता पाच आठवडे झाले.

अक्का आमच्या कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्ट. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे, मृत्युपत्रं असं सगळं त्यांच्या टाईपरायटरवरून बाहेर पडायचं. मी कामाला लागले ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर, आणि जे काही आलं ते त्यांच्याकडूनच शिकले. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळं एरवी बोलणं आपलं कोल्हापुरी, पण राग आला की सगळं कानडीत. पक्षकार बावचळून जायचे. माझ्या दोन ओळींत तीन चुका सापडल्या की त्या कागद ओढून काढायच्या, चुरगळायच्या आणि माझ्याकडं न बघता म्हणायच्या, “बोटानं ऐकायचं असतंय गं. डोळं कशाला फाडतीस?” त्यांचं स्वतःचं बोट इतकं जड, की पुढं कॉम्प्युटर आले तेव्हा साधे सपाट कीबोर्ड त्यांच्या हाताखाली सहा महिने टिकले तर नशीब. ‘स’ आणि ‘क’ आधी जायचे.

त्यांचे यजमान अप्पा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांचा जन्म गेला, तिथल्या आवाजानं कान निम्मे गेले. पुढं साखरेनं डोळे नेले, अगदी पुरते. त्यानंतर अक्कांनी कोर्टातलं टेबल सोडलं आणि घरीच टायपिंग सुरू केलं. मी हस्तलिखिताचे फोटो पाठवायचे, त्या टाईप करून द्यायच्या. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत भिंतीला अप्पांची कॉट आणि कॉटला चिकटून टेबल. मला ते टेबल तिथं कधीच पटलं नाही. उजेड खिडकीशी, आणि बाई अंधारात बसून काम करते! मी दोनदा बोललेही. “असू दे,” एवढंच उत्तर.

मग एक दिवस त्यांनीच विचारलं, “शुभे, आवाज येणारा कीबोर्ड मिळतो काय गं?” मला वाटलं, बाईंना टाईपरायटरची आठवण येतेय. कॉम्प्युटरवर खेळणारी मंडळी मेकॅनिकल कीबोर्ड घेतात हे मला ऐकून ठाऊक होतं, म्हणून एका रविवारी मी त्यांना राजारामपुरीतल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार तिशीतला, उत्साही. त्यानं समजावलं, की ह्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, तो चिमट्यानं ओढून काढता येतो, दुसरा बसवता येतो, आणि स्विच निवडणं हेच खरं काम. त्यानं एक पट्टी पुढं ठेवली. निरनिराळ्या रंगांचे स्विच तिच्यावर ओळीनं बसवलेले. लाल सरळ खाली जाणारा, तपकिरी मध्येच जरासा अडणारा, निळा टकटक वाजणारा. अक्का त्यांना पहिल्यापासून खटके म्हणायला लागल्या आणि दुकानदारही थोड्या वेळानं खटकेच म्हणू लागला.

त्यानं पट्टी त्यांच्या हाताशी सरकवली. “दाबून बघा मावशी.” अक्कांनी ती परत त्याच्याकडं सरकवली. पिशवीतून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले, दोन्ही कानांत घातले आणि म्हणाल्या, “मी दारात जातो. तुम्ही दाबा एकेक.”

“अहो मावशी, कीबोर्ड बोटानं बघत्यात, लांबनं न्हाय!”

“तुम्ही दाबा की वो पावणं.”

आणि खरोखरच त्या दुकानाच्या दारात, रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आत दोन गिऱ्हाइकं तोंड दाबून हसत होती. मी शरमेनं चूर झाले होते… वाऱ्याचा त्रास असेल कानाला, असं काहीतरी मी पुटपुटलेही. दुकानदार एकेक स्विच दाबत गेला आणि अक्का पाठमोऱ्या मान हलवत गेल्या. लाल, न्हाय. तपकिरी, न्हाय. सगळ्यांत मोठा वाजणारा निळा आला तेव्हा मला वाटलं आता सुटलो, तर म्हणाल्या, “डास वाटतोय. न्हाय पोचत.” शेवटी त्यानं कंटाळून आतून एक जांभळा आणला. जड होता, दाबायला जोर लागायचा, आणि वाजायचा तो टकटक नव्हे, जाड, धप्प. अक्का वळल्या. “हा. हा ऐकू येतोय. आणि एकदा दाबा.” त्यानं दाबला. “ह्योच द्या समद्या बटणांना.” बटणांवर मराठी अक्षरं नाहीत असं तो प्रामाणिकपणे सांगायला लागला, तर त्या म्हणाल्या, “मला कुठं बघायचंय?”

मला लोकांचं भलं करायची खोड आहे. घरचे म्हणतात, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, पण खोड जात नाही. तो कीबोर्ड आल्यावर मी त्यांच्याकडं गेले की बघायचे, अक्का टाईप करताहेत, टेबलाला चिकटलेल्या कॉटवर अप्पा डोळे मिटून पडलेत, आणि प्रत्येक धप्पला त्यांचं बोट पांघरुणावर उडतंय. धप्प, की बोट. धप्प, की बोट. मला वाटलं, माणूस आजारी, झोपायला बघतोय, आणि ही बाई त्याच्या उशाशी घण घालतेय. अक्कांना सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून एक दिवस ‘साफ करून आणते’ असं सांगून कीबोर्ड नेला. त्याच दुकानातून, अजिबात आवाज न करणारे स्विच सगळ्या बटणांखाली बसवून घेतले. जांभळे काढलेले, चिमट्यासकट, चहाच्या रिकाम्या डब्यात भरून परत आणले, कारण वस्तू त्यांची. मी इतकी खूश होते! अक्कांनी दोन-चार बटणं दाबून बघितली. अप्पांच्या कॉटकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “छान हाय गं. लोण्यावानी.” पुढच्या आठवड्यात त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “ते जुनं खटकं परत बसत्यात काय गं?” मी हसून म्हटलं, “आता कशाला ती कटकट?” त्या पुन्हा टायपिंगकडं वळल्या.

मोठ्यानं वाचायची सवय त्यांना त्यानंतर लागली. त्या सवयीला मी म्हातारपण म्हणत होते. चिडवायचे, नक्कल करायचे, आणि शेवटी त्या बुधवारी…

तेराव्यानंतर सुमानं बोलावलं. ती पेठ वडगावला असते, अप्पांना तिकडंच नेणार होती, घर आवरत होती. “हे तुम्ही घेऊन जा शुभाताई, आमच्यात कोण वापरणार,” म्हणत तिनं कीबोर्ड आणि तो चहाचा डबा माझ्यापुढं ठेवला. अप्पा कॉटवर बसले होते, हात टेबलाच्या कडेवर. मी जवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, “अप्पा, मी शुभा.” त्यांनी मान हलवली.  मग तेच बोलायला लागले, कुणाला उद्देशून नाही, असंच.

“आधी खटखट यायची. टेबलातनंबी हाताला लागायची. म्हणजे कळायचं, हाय ती हितंच. मग एक दिवस बंदच झालं की गं समदं. मला वाटलं, डोळं गेलं, आता कानबी गेलं. दोन दिवस सांगितलं न्हाय कुणाला. तिसऱ्या दिवशी मीच हाक मारली, शकू, हाईस काय? तिला कळलं बघ. तवापासनं ती मोठ्यानं वाचायला लागली.”

दुकानाच्या दारात कानात कापूस घालून उभी राहिलेली ती पाठमोरी बाई मला तेव्हा कळली. ती अप्पांचे कान घेऊन तिथं उभी होती. आणि मी काय केलं, तर तिनं इतकं निवडून आणलेलं तिला न विचारता काढून टाकलं, आणि वर शाबासकीची वाट बघितली. माझा हिरमोड नको म्हणून ती बाई वर्षभर घसा फोडत राहिली. मला एक शब्द बोलली नाही… आणि एरवी कानडीत शिव्या देणारी बाई!

“अप्पा, ते मी केलतं,” मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं, पण त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून रडावं लागलं. “खटके मी बदलले. तुमची झोप मोडते असं वाटलं मला.”

त्यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. “मग? तुला काय म्हाईत.” पुढं म्हणाले, “जन्मभर कामाला बसली की ती मुकी व्हायची. ह्या वर्षात बोलली तेवढं कवा बोलली न्हाय. लोकांची भांडणं का असंनात.” ते हसले. सुमा स्वयंपाकघरात निघून गेली. अप्पांनी मला मोकळं करायला हे म्हटलं की खरंच तसं होतं, मला ठाऊक नाही. मला ते समाधान पूर्ण घेता येत नाही. तो बसलेला घसा माझ्या कानात आहे.

मी कीबोर्ड घरी नेला नाही. तिथंच टेबलाशी बसून, डब्यातल्या चिमट्यानं, माझे गुळगुळीत स्विच एकेक ओढून काढले आणि जांभळे परत बसवले. ऐंशीच्या वर होते. बसवताना दोन खटक्यांचे धातूचे पाय वाकडे झाले, ते सरळ करायला वेळ गेला. मग कीबोर्ड टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडला, पर्समधून दुसऱ्या दिवशीचं एक प्रतिज्ञापत्र काढलं, कुणाचंतरी रेशनकार्ड हरवल्याचं, आणि टाईप करायला लागले. धप्प. धप्प. अप्पांचा हात टेबलाच्या कडेवरच होता. चार-पाच शब्द झाले असतील.

“हात तिचा न्हाय,” ते म्हणाले.

मी थांबले.

“थांबलीस व्हय? चालू दे की.”

मी पुन्हा सुरू केलं. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर उडायला लागलं, प्रत्येक खटक्याला एकदा, आधी मागं पडत, मग बरोबर. पान निम्मं झालं असेल. त्यांनी मान माझ्याकडं कलती केली.

“काय लिवतीस? मोठ्यानं वाच.”

सुमा दारात येऊन उभी होती. मी घसा साफ केला, आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, टाईप करता करता, पहिल्यापासून वाचायला लागले, “मी, खाली सही करणार…”