भोंग्याचं वळण

त्या घरात सगळं सासरचं होतं. कापायचं टेबल तेवढं बाईंचं होतं. दुसऱ्यांच्या दुकानात काजं-बटणं करून, वर्षानुवर्षं पै-पै साठवून त्यांनी ते करून घेतलं होतं. पुढच्या खोलीत, खिडकीशी, चांगलं लांबरुंद. सगळ्या गल्लीत त्या 'टेलरबाई' म्हणून ओळखल्या जायच्या त्या या टेबलामुळे. आणि नेमकं तेच नवऱ्याच्या डोळ्यांत भरलं.

नवरा रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून घरी बसलेला माणूस. जन्मभर लोकांचे बिघडलेले आवाज नीट केले, आता एक आवाज आपण घडवायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. जुन्या थिएटरांत पडद्यामागे असायची तशी माणसाएवढी स्पीकरची पेटी, पोटात लाकडी भोंगा घडी घालून बसवलेला. गाणं ऐकणाऱ्यांच्या एका क्लबाने आपल्या हॉलसाठी जोडी सांगितली, आणि स्वारी हवेत गेली. महिनाभराचाच तर प्रश्न आहे, पेट्या गेल्या की टेबल तुझं, असं म्हणत त्याने टेबलावरचं कापड उचललं आणि प्लायवुडचा तक्ता आडवा टाकला.

महिना कसला आणि काय कसलं. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरीणबाई. त्या कोटाची ट्रायल द्यायला आल्या तेव्हा तक्त्याच्या कडेला अस्तर अडकून टर्रकन फाटलं. अर्धवट कोट उचलून घेऊन गेल्या त्या गेल्याच. मग बाकीच्याही हळूहळू यायच्या थांबल्या. बाई स्वयंपाकघरात फरशीवर बसून कापायला लागल्या. नणंद एकदा डोकावली आणि म्हणाली, हौस करू दे गं वहिनी त्याला, तुला काय, तू कुठेही बसून शिवशील. गुडघे बाईंचे, सल्ला नणंदेचा.

भोंग्याचं गणित तसं सोपं. स्पीकरजवळ वाट चिंचोळी, आणि आवाज पुढे जाईल तशी ती रुंदावत न्यायची, पण मनाला येईल तशी नाही. दर वीतभर अंतरावर, आधी जेवढी जागा असेल तिच्यात तिचाच ठरलेला हिस्सा मिळवायचा. म्हणून सुरुवातीला भिंत जवळजवळ सरळ दिसते आणि शेवटी एकदम फाकते. नवऱ्याने हे आकडे कागदावर चोख काढले, तक्त्यावर खुणा करून खिळे ठोकले, खिळ्यांवरून लवचिक पट्टी वाकवली आणि पेन्सिल फिरवली. पेटी जोडली, गाणं लावलं. गायिका पिंपात तोंड घालून गात असावी, असं ऐकू आलं. त्याने गणित पुन्हा केलं, उत्तर तेच. पेटी पुन्हा जोडली, पिंपही तेच. नवऱ्याचं जेवणावरून लक्ष उडालं, बोलणं आटलं, आणि टेबल काही सुटेना.

शेवटी एका दुपारी बाई वैतागून तक्त्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. नवरा वळणावर बाहेरच्या भिंतीला टेप चिकटवून अंतर मोजत होता. बाईंना ते बघवेना.

"अहो, बाहीची गोलाई कापलेल्या कडेवर मोजतात का? शिवण जिथून जाणार तिथे मोजतात. तुमचा आवाज काय भिंत घासत जातो? मधून जातो ना? मग मधोमध मोजा."

त्यांनी टेप हातातून घेतली, कडेवर उभी धरली आणि वळणाच्या मधून फिरवली. अंतर चांगलं वीतभर कमी निघालं. म्हणजे पुढच्या सगळ्या खुणा चुकलेल्या. बाईंनी खाकी कागद पसरला, खुणा नव्याने केल्या, रेघ काढली, कात्रीने कागद कापला आणि बजावलं की ही रेघ हवेची आहे, लाकडाची जाडी हिच्या बाहेर सोडा, शिवणीला कापड सोडतात तशी. हे सगळं नवऱ्यावरच्या प्रेमापोटी केलं नव्हतं. त्यांना टेबल परत हवं होतं, आणि ते त्या स्वतःपाशी कबूल करायच्या.

पेटी वाजली आणि पिंप गेलं. गायिका जणू खोलीत येऊन उभी राहिली. नवरा डोळे पुसत म्हणाला, "जमलं बघ मला."

त्याच कागदावरून दुसरी पेटीही झाली. हॉलमध्ये जोडी वाजली तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठले. कुणीतरी विचारलं, हे वळण काढलं कसं? नवरा रंगात येऊन सांगू लागला, की बाहेरून मोजत होतो तिथेच घोडं अडलं होतं, मग एके दिवशी डोक्यात उजेड पडला की आवाज मधून जातो. बाई समोरच बसल्या होत्या. आता तो आपल्याकडे हात करेल, असं त्यांना वाटलं. त्याने हात केलाही. "घरच्यांनी फार सहन केलं," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरोखर तसंच आठवत होतं, आणि बाईंना तेच जास्त झोंबलं.

तिथेच आणखी दोघांनी पेट्या सांगितल्या. घरी आल्यावर नवरा मोठ्या मायेने म्हणाला, "आता लोकांचे कपडे शिवून डोळे कशाला फोडतेस? मशीन ताईच्या सुनेला देऊन टाकू. तू नुसते माझे कागद काप. टेबल आता आपलं दोघांचं." आपण बायकोला केवढं सुख देतोय, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. नणंद टेम्पो घेऊन आली तेव्हा बाईंनी अडवलं नाही. कुणासाठी शिवायचं म्हणून अडवणार होत्या?

नवी पेटी लहान होती, तिला नवं वळण लागणार होतं; बाईंनी खुणा करून खिळे ठोकलेही होते. नवरा खिळे-स्क्रू आणायला गेला आणि बाई टेबलापाशी एकट्या उरल्या. तेव्हा त्यांच्या मनात आलं, वळणावरचा एक खिळा बोटभर सरकवला तर? पेटी पुन्हा पिंपासारखी वाजेल. हा माणूस गणितं करकरून मरेल, पण चूक सापडायची नाही. गिऱ्हाइकं जातील, टेबल मोकळं होईल.

त्यांनी खिळा उपटला, बोटभर सरकवून ठोकला, पट्टी वाकवली. वळणावर पोक आलं, कोटाचा खांदा बिघडतो तसं. बाई त्या पोकाकडे बघत राहिल्या. जन्मात एक वाकडी शिवण त्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. त्यांना नवऱ्याचा राग येईना, स्वतःच्या हातांचा मात्र आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी खिळा काढला आणि होता तिथे परत ठोकला.

रेघ पुरी होतेय तोच नवरा आला. वाकून बघितलं, तिच्यावरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली.

"बघ कशी सुरेख वळली. एकदा गणित पक्कं असलं ना, की मग कुणाच्याही हातून रेघ चुकत नाही."