तुरा यायच्या आधी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे कॅनडात, ओकव्हिलच्या घरासमोर मार्चअखेरचा ओला, जड बर्फ शोव्हल करत होते. भाऊजी एवढंच म्हणाले, "मीना, शरयू गेली." खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू मागाहून आलं. शोकसभेत मराठी मंडळातल्या एका बाईंनी तिला 'प्रेमळ' म्हटलं तेव्हा मी आणि भाऊजींनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. माझी थोरली बहीण बऱ्याच गोष्टी होती, पण प्रेमळ नव्हती. तिच्याबद्दल गोड गोड लिहिलं तर तिला ते मुळीच आवडणार नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीतही तसं लिहीत नाही.

ताई पॅथॉलॉजिस्ट होती. माणसांचे तुकडे काचेवर घेऊन त्यांचं भवितव्य सांगण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली आणि तोच सूर घरी स्वयंपाकघरातही चालायचा. माझ्या लग्नाआधी मुलाला एकदाच भेटून तिने सांगितलं होतं की हा माणूस तुला कंटाळा आणील. त्याने आणलाही. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, फ्लॉरिडाला जातात; ताईने व्हिटबीच्या घराच्या बेसमेंटमध्ये न्यूट पाळायला घेतले. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण कुळ बेडकाचं. तिचे होते तुरेवाले, मूळचे युरोपातले. काळपट अंग, नारिंगी पोट, आणि नर वयात आला की वसंतात पाण्यात उतरल्यावर त्याच्या पाठीवर करवतीच्या दात्यांसारखा तुरा उभा राहतो आणि शेपटीवर चंदेरी पट्टा उमटतो. बाहेरून आणायला या देशात बंदी आहे, म्हणून तिने इथल्याच वॉटर्लूच्या एका हौशी माणसाकडून अंडी मिळवली. अंड्यापासून तुऱ्यापर्यंत स्वतः वाढवायचं, असं तिने ठरवलं होतं.

त्यासाठी दोन-तीन वर्षं लागतात आणि त्या काळात मरणंच जास्त बघावी लागतात. या जातीची निम्मी अंडी काहीही केलं तरी अर्ध्यावर वाढायची थांबतात. पिल्लं बाहेर आली की मोठी छोट्यांना खातात, म्हणून ताई रोज चमच्याने त्यांना मापाप्रमाणे वेगळं करायची. अगदीच किरकोळ असेल ते मात्र मुद्दाम मोठ्यांच्या डब्यात सोडायची. मी एकदा म्हटलं, अगं, त्याला वाचव की. तिने मानही वर केली नाही. ते जगणार नाहीये, निदान कुणाचं पोट तरी भरेल, म्हणाली. भाऊजींना टाक्यांना हात लावायची परवानगी नव्हती. ते नागपूरचे, इंजिनियर, भोळा सांब. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून ते लांबूनच कौतुक करायचे.

जी उरली ती जमिनीवर राहू लागली, अंगाने भरली, आणि नर वयात येण्याआधीचा हिवाळा आला. त्याच सुमाराला ताईच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. रिपोर्ट तिने स्वतःच वाचला आणि पुढचा उन्हाळा दिसणार नाही हे जेवताना सांगून टाकलं. भाऊजी तेव्हापासून रोज सकाळी तिला म्हणत, तू बरी होशील. ती ऐकून घ्यायची. तिला एकच हवं होतं. न्यूटना तुरा यायचा तर हिवाळाभर कडक गारठा लागतो, म्हणून तिने बेसमेंटची खिडकी किलकिली ठेवली, घर तापवणारा फर्नेस अगदी कमी केला आणि केमोने खंगलेली ही बाई वर रजईत कुडकुडत बसली. भाऊजी हात जोडायचे. ती म्हणाली, "मला बरं करण्याच्या भानगडीत पडू नका. एका तरी नराला तुरा आलेला मला बघू द्या."

फेब्रुवारीत तिला इन्फेक्शन झालं आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. भाऊजी पहिल्यांदाच न्यूटपाशी एकटे होते. ते खाली गेले तर सगळे ओल्या शेवाळाखाली आखडून पडलेले, हलत नाहीत, खात नाहीत. हिवाळ्यात ते असेच असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नागपूरच्या माणसाला वाटलं, बिचारे गारठून मरतायत. त्यांनी खिडकी लावली, छोटा हीटर आणून काचेला चिकटवून ठेवला आणि पत्नीच्या उशाशी जाऊन बसले. परत आले तेव्हा एकही जिवंत नव्हता. मी पोचले तर हा सत्तरी उलटलेला माणूस मागच्या अंगणात कुदळ घेऊन रडत होता. जमीन दगडासारखी गोठलेली, पुरता येईना. शेवटी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून बर्फात ठेवले.

ताई घरी आली ती जिना उतरण्यापलीकडे गेलेली. पलंग दिवाणखान्यातच लावला. तिने विचारलं, न्यूट कसे आहेत? भाऊजी म्हणाले, मस्त. तिने व्हिडिओ मागितला, तर त्यांनी आपल्या फोनमधला एक जुना शोधून दाखवला. तिने शांतपणे बघितला आणि छान आहेत म्हणाली. त्या दिवसापासून ती रोज त्यांची तोंडी परीक्षा घ्यायची. पाण्यात उतरले का? पाठीवर उंचवटा दिसतो का? भाऊजी इंटरनेटवर वाचून तयारी करून यायचे आणि त्या मेलेल्या नराला रोज थोडा थोडा वाढवायचे. घाम फुटायचा त्यांना. मला ते बघवेना. ते ग्रोसरीला गेलेले असताना मी ताईला विचारलं की तुला कळलंय ना?

"तो व्हिडिओ मीच काढलेला आहे, ऑक्टोबरात," ती म्हणाली. "कोपऱ्यात माझा अंगठा दिसतो."

मग का छळतेस त्यांना, म्हटलं.

"ते मला रोज बरी होशील म्हणतात. त्याला कुणी छळ म्हणत नाही." आणि म्हणाली, "मी गेल्यावर तू सांग त्यांना. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणून."

शेवटच्या आठवड्यात भाऊजींच्या नराला पूर्ण तुरा आला. ताईला बोलवत नव्हतं, तरी तिने विचारलं, शेपटीवर चंदेरी पट्टा? आहे, भाऊजी म्हणाले. "मग झालं," असं म्हणून तिने डोळे मिटले... तिच्या तोंडून एवढी शाबासकी मी जन्मात ऐकली नव्हती.

आता मी दर रविवारी व्हिटबीला जाते. बेसमेंट पुन्हा तसंच गार आहे, खिडकी भाऊजींनी परत किलकिली करून ठेवलीय. भाऊजी तिथेच कोट घालून चहा पितात. येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगतात की शरयूला मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. मी मान डोलावते आणि माझं डोकं फिरतं, कारण माझ्या बहिणीला कुणी फसवू शकलं, ही एवढी एकच गोष्ट तिच्याबद्दल अजिबात खरी नाही. तोंडावर सांगायला मी पाच-सहा वेळा गेले आणि चहा पिऊन परत आले.

पण भाऊजी ही पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे. भाऊजी, ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती रोज पुढचं विचारत होती. आता ती खिडकी लावून घ्या.