अठ्ठ्याऐंशी गुणिले हजार

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका खासगी लॅबमध्ये मंदा नऊ वर्षं रक्त तपासत होती. २००६ च्या सप्टेंबरात तापाची साथ आली आणि दिवसाला पन्नास-साठ नमुने येऊ लागले. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, ती सूक्ष्मदर्शकाखाली हातानेच मोजायची. रक्त शंभरपट पातळ करायचं, चौकटीतले कण मोजायचे, हजाराने गुणायचं.

राहनाळच्या बाळाराम पाटलांची बावीस वर्षांची उन्नती चार दिवस तापली होती. तिचे कण फारच विरळ दिसले, म्हणून मंदाने रक्त वीसपटच पातळ करून पुन्हा घेतलं. अठ्ठ्याऐंशी भरले. आता दोनशेने गुणायला हवं होतं. हाताच्या सवयीने तिने हजाराने गुणलं. रिपोर्टवर अठ्ठ्याऐंशी हजार वाचून डॉक्टरांनी उन्नतीला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही चाळताना मंदा त्या ओळीवर थांबली. खरा आकडा सतरा हजार सहाशे होता; वीस हजारांच्या खाली रक्तस्रावाचा धोका असतो. तिने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी राहनाळला. पण सकाळपासून पोरीच्या नाकातून रक्त वाहत होतं, घरचे तिला घेऊन ठाण्याकडे निघाले होते. कशेळीच्या खाडीपुलाआधी कंटेनर बंद पडून रस्ता तुंबलेला. खाडी ओलांडायच्या आत उन्नती गेली.

"ते पान नव्याने लिही," लॅबचे मालक रामदास म्हणाले. "अशी केस तशीही हाताबाहेरचीच असते."

मंदाने पान बदललं नाही. तेराव्यानंतर ती राहनाळला गेली. बाळाराम ओटीवर बसले होते. तिने आपलं नाव सांगितलं, मग चूक सांगितली. हिशेब त्यांना समजावा म्हणून दोनदा सांगितला.

"म्हंजे आदल्या दिशीच कललं असतं, तं वाचली असती?"

"सांगता येत नाही, काका. पण एक दिवस हातात मिळाला असता."

बाळाराम उठून उभे राहिले. "मना दुसरा कोनीच सांगाला आला न्हाय," ते म्हणाले. "जा बाय आता. परत येव नको."

त्यांनी तक्रार केली. चौकशीत मंदाने वही पुढे ठेवली आणि जबाबावर सही केली. लॅब चार महिने बंद राहिली, नोकरी गेली. भिवंडीत कुणी तिला घेईना. दीड वर्षाने कल्याणला काम मिळालं. तिथे ती नव्या मुलींना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी रक्त किती पट पातळ केलं आणि कितीने गुणायचं, ते कागदावर मांडायला लावते. कारण विचारलं, तर उन्नतीचं नाव घेऊन सांगते.