आडवा हात

पाडव्याला काका दरवर्षी आमच्याकडे जेवायला असतात. गेल्या खेपेला आग्रह करकरून वाढलेलं श्रीखंड त्यांना बाधलं. साखर इतकी वाढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात आग्रह बंद. भांडी टेबलावर मांडायची आणि ज्याला जेवढं सोसेल तेवढं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं.

आज सगळे मुकाट्यानं जेवत होते. वहिनी काहीतरी घेऊन जवळ आली, तसा काकांनी झटकन ताटावर हात आडवा धरला.

"नको गं, नको! अगदी पुरे झालं," ते केवढ्या हौसेनं म्हणाले.

"पाणी आहे काका," वहिनी म्हणाली आणि हातातल्या तांब्यातून त्यांचं भांडं भरून पुढे गेली.

नको म्हणण्याचंही एक सुख असतं, पण त्यासाठी समोर 'घ्याच' म्हणणारं कुणीतरी लागतं. आम्ही काकांना जपलं, यात चुकलं काहीच नाही. पुढच्या पाडव्यालाही ते हवेत, म्हणून तर हे सगळं.

एकेक जण उठला. बोटांवरचं वरण वाळून गेलं, तरी काकांचा हात रिकाम्या ताटावर तसाच आडवा होता.