गॅसचा पाईप तेवढा उघडा

मागच्या मंगळवारी शिक्रापुरात, आमच्याच किचनमध्ये, माझं आणि प्लंबरचं वाजलं. आणि मी हरले... जे सहसा होत नाही, घरात कुणालाही विचारा.

आधी किचनचं सांगते. वरच्या मजल्यावर आम्ही कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या, त्याही एकदम नाही, जमेल तशा एकेक. दर खोलीमागे एक पाईप खाली आला, तो थेट माझ्या ओट्यावरून. एखादा पांढरा, एखादा करडा, आणि त्यांच्याच शेजारून मागच्या सिलेंडरकडून शेगडीला येणारा गॅसचा तांब्याचा पाईप.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा आमच्याकडे होतं. आणि बायका काय हॉलमध्ये बसून राहतात थोड्याच... 'पाणी घेते गं' म्हणत एकेक आत येते आणि भिंतीपासून डब्यांपर्यंत सगळं बघून जाते. मी ठरवलं, पाईप झाकायचे. सगळे. वरपासून खालपर्यंत एकच सपाट पेटी, टाईल्सच्या रंगाची.

बशीरमामांना बोलावलं. आमच्या सगळ्या खोल्यांचे नळ त्यांच्याच हातचे. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्यांच्या हातचा चहा झाल्याशिवाय मामा पान्ह्याला हात लावत नाहीत. आत्यांना ते वैनी म्हणतात.

त्यांची एक पद्धत आहे. गळके जॉइंट बदलले की ते खाली वर्तमानपत्र अंथरतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी चालू ठेवतात. पेपर कोरडा राहिला तरच पुढचं काम. पेटीला दार हवं, जाळी हवी, हेही त्यांचंच. दार मला नको होतं, दिसतं ते... पण मामा म्हणाले, "वरचा नळ तुटला तर कॉक बंद करायला पेटी फोडणार व्हय?" ते मला पटलं. मी काही अगदीच आडमुठी नाही.

मंगळवारी पेपर कोरडा निघाला. मामांनी पेटीचं माप घेतलं आणि मी बघते तर काय, गॅसचा पाईप मापाच्या बाहेर. म्हटलं, मामा, हाही आत घ्या.

"ह्यो न्हाई. गॅस पेटीत साचतो. ह्यो डोळ्यासमोर पायजे."

म्हटलं, जाळी आहे की. आणि लीक झालाच तर वास येईल, घरात चार नाकं आहेत. वर ऐकवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची असते मामा, अर्धी झाकून काय उपयोग...

मामांनी टेप गुंडाळली. "मग दुसरं कुणी बघा ताई," एवढंच म्हणाले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. माझं डोकंच फिरलं. घर माझं, भिंत माझी, आणि फुरंगटून बसणार हे. तशीच त्यांच्यामागे बाहेर गेले, दोन शब्द सुनावायला.

मामांनी आधी आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काल तुम्ही दुकानात गेल्या हुत्या. दूध करपलं, घरभर वास. वैनी शेगडीपाशीच उभ्या, आन् त्यास्नी पत्ता न्हाई. म्याच जाऊन गॅस बंद केला. वैनींला वास येत न्हाई ताई."

काहीतरीच काय, असं म्हणणार होते... करपलेल्या फोडण्या आठवल्या. आंबलेलं वरण त्यांनी खुशाल वाढून घेतलं होतं, तेही आठवलं. मी आपली 'आत्या, लक्ष कुठं असतं तुमचं' म्हणून चारचौघांत बोलून मोकळी व्हायचे.

आणि चार नाकं म्हणे. माझं ब्लाउज शिवायचं दुकान, हे शिफ्टला, लेक कॉलेजात. दिवसभर त्या गॅसपाशी एकट्या आत्याच असतात.

आत गेले. आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. एक पाकळी ठेचून त्यांच्या नाकाशी धरली आणि विचारलं, येतोय वास? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"गेल्या सालच्या तापात गेला गं. सांगितलं असतं तर तू मला शेगडीपासनं उठवलं असतंस. मग म्या दिसभर करू काय?"

रडूच आलं मला. कारण खरं होतं ते, मी उठवलंच असतं.

त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, नाही उठवणार... पण आता लपवायचं नाही. मग मामांना आत बोलावलं आणि म्हटलं, तुमचंच माप खरं.

पेटी झकास झाली. आत कुठला कॉक कुठल्या खोलीचा तेही मामांनी लिहून ठेवलंय. गॅसची लाईन एजन्सीच्या माणसाकडून तपासून घेतली. हा गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून लीक झाला की वाजणारा अलार्म जमिनीलगत बसवला. काम झालं की रेग्युलेटर बंद, हा नियम सगळ्यांना, मलासुद्धा. आत्यांना नाकाच्या डॉक्टरांकडेही नेणार आहे.

काल हळदीकुंकू झालं. अपेक्षेप्रमाणे सगळ्या किचनमध्ये. पेटीचं कौतुक झालं आणि शेजारच्या काकूंनी विचारलंच, एवढं छान केलंय, मग हा एकच पाईप का गं उघडा ठेवला?

मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होते. तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "माझ्यासाठी ठेवलाय. मला वास येत न्हाई." भरल्या किचनमध्ये, सगळ्यांसमोर. आणि वळून चहाचं आधण ठेवलं.

बशीरमामा, तुम्ही काही फेसबुकवर नाही. तुमच्या लेकाने वाचून दाखवलं तर एवढंच ऐका... त्या दिवशी तुम्ही टेप गुंडाळलीत, म्हणून माझी आत्या बिनघोर शेगडीपाशी उभी आहे. उद्या चहाला या. त्याच टाकतील.